सोजरबाईचं सर्टिफिकेट

टेस्टिंगचं काम म्हणजे नुसती बटणं दाबणं, असं म्हणता ना? मग आमच्या लातूरच्या ऑफिसातलं ऐका.

बँकेच्या नेटवर्कमध्ये शिरताना प्रत्येक कॉम्प्युटरला आपलं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. मुदत संपलेली असली की सर्व्हरनं दारातूनच परत पाठवायचं. हे तपासायला खोटी सर्टिफिकेटं लागतात, आणि ती बनवायचं काम किल्लारीच्या व्यंकटकडं होतं. मी त्याला बजावलं होतं, "टेस्ट-वन, टेस्ट-टू नको. माणसांची नावं टाक, अन् सगळ्यांची मुदत संपलेली ठेव."

दुपारी बघितलं तर बाकी सगळी परत आलेली, एकटी सोजरबाई आत गेलेली. माझं डोकंच सणकलं.

"व्यंकट, उद्या बँकेला दाखवायचंय! ही बाई आत कशी गेली?"

"तिची मुदत संपली न्हाई, साहेब. पुढच्या सालापर्यंत हाय."

"अन् बाकीच्यांना कोणती तारीख टाकलीस?"

त्यानं खुर्ची बाजूला सरकवली. मीच वाकून त्याच्या स्क्रीनवर पाहिलं. सगळ्या नावांपुढं आडनाव त्याचंच होतं. मुदत संपल्याची तारीखही सगळ्यांची एकच, भूकंपाची.

मी हळूच विचारलं, "सोजरबाई कोण?"

"माय. तिची बी तारीख तीच हाय, साहेब. पण टाकायला गेलो की हात चालंना. तुम्हीच टाका."

टाकली मी. पुन्हा चालवून बघितलं. सर्व्हरनं सोजरबाईला दारातूनच परत पाठवलं.

व्यंकट स्क्रीनकडं बघत म्हणाला, "टेस्ट पास झाली, साहेब."