सशांचे जंत आणि आमच्या सासूबाई

...नाही नाही, सशांबद्दल माझी काही तक्रार नाही हो! तुम्हाला सांगतो, चार वर्षं मी टेकडीवर ओणवा होऊन त्यांच्या लेंड्या वेचतोय, पण एका सशानं कधी विचारलं नाही, की बाबा रे, हे काय चालवलंयस? माणसं विचारतात! "सध्या काय करता?" पीएचडी. "अरे वा, कशात?" आता कशात काय सांगू... रानातले ससे खातात काय आणि त्यांच्या पोटात जंत किती, यात! की समोरच्याचा चहा तिथंच थांबतो.

काम तसं सरळ आहे. लेंड्या वेचायच्या, कुस्करून मिठाच्या पाण्यात घालायच्या, जंतांची अंडी वर तरंगतात, ती मायक्रोस्कोपखाली मोजायची. शेवटच्या महिन्याची मोजणी तेवढी राहिली होती, ती झाली की प्रबंध सादर, नोकरी ठरलेली, सगळं कसं हातातोंडाशी आलेलं... आणि त्याच महिन्यात सासूबाई राहायला आल्या.

चुकलं माझंच. जेवताना त्यांनी कौतुकानं विचारलं, "जावईबापू, काय म्हणतायत तुमचे ससे?" आणि मी मूर्ख, आकडे सांगत सुटलो! त्यांचा घास हातातच. "अगं बाई, इतके जंत? मग औषध काय देता?" म्हटलं, औषध नाही देत, मोजतो. "नुसते मोजता?" अहो, चार वर्षांत गाईडनी केला नाही एवढा अपमान त्या एका 'नुसते'मध्ये होता!

पुढच्या आठवड्यात अंडी निम्मी. त्याच्या पुढच्या आठवड्यात शून्य! मी मायक्रोस्कोप पुसला, मीठ बदललं, चष्म्याचा नंबर तपासून आलो. गाईड म्हणतात, "लेंड्या सशांच्याच आहेत ना रे?" चार वर्षांनी हा प्रश्न! आणि ससे बघावेत तर एकेक गुटगुटीत, गवत सोडून माझ्या पिशवीकडे टक लावून बसलेले. सशांबद्दल माझी तक्रार नाही, पण पिशवीत यांना दिसत काय होतं?

गाजरं! सासूबाई रोज सकाळी माझीच पिशवी घेऊन 'फिरायला' जायच्या ना, त्या टेकडीवर! जनावरांच्या डॉक्टरांना विचारून जंताचं औषध आणलं, गाजरांना चोळलं, आणि मी खुणेच्या काठ्या रोवल्यात तिथं तिथं नेऊन ठेवली, बरोब्बर! वर मलाच म्हणतात, "तुमचं चार वर्षांचं काम पंधरा दिवसांत उरकलं की नाही?" बायको हसायला आत पळाली. मी चिडणार तरी कसा? त्यांचं चुकलं कुठं, तेच मला सांगता येईना!

गाईडना सांगितलं. त्यांनी माझी आकड्यांची वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "जंत परत होईपर्यंत थांब. वर्षभर." वर्षभर! म्हणजे नोकरीही गेली... नाही, सशांबद्दल माझी खरंच काही तक्रार नाही. पण तुम्हाला सांगतो, लोक पोराबाळांच्या भल्यासाठी देव पाण्यात घालून बसतात. मी बसलोय, सशांना जंत व्हावेत म्हणून!