परसाचा उतार

सासू: घमेलं पायऱ्यांखाली आहे, फावडं न्हाणीघराच्या मागे. रबरी हातोडा मात्र कुठे आहे ते विचारू नका. आहे, एवढंच सांगते.

जावई: हातोडा नसला तरी चालेल, आई. लेव्हलची पट्टी तेवढी हवी होती. एका मित्राच्या गच्चीचं काम काढलंय.

सासू: मित्राच्या गच्चीचं. आमचं परस अर्धवट टाकून.

जावई: अर्धवट टाकलं तेव्हा मी या घरचा जावई होतो.

सासू: आणि आता?

जावई: आता कागदोपत्री कोणी नाही. गेल्या महिन्यात सह्या झाल्या तेव्हा तुम्ही होतात की तिथे.

सासू: होते. तुम्हाला पाण्याची बाटली दिली होती, ती परत आली नाही.

जावई: गाडीत आहे. आणू का?

सासू: असू द्या. घ्या तुमचं सामान. उगाच गंजत पडलंय, म्हणूनच फोन केला. आणि ती कामावर गेलेली असते या वेळी, तेव्हा घाई करायचं कारण नाही.

जावई: आई, या ओळी कोणी लावल्या?

सासू: कुठल्या?

जावई: स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या. कुंपणाच्या भिंतीकडून मी लावत आलो होतो, त्या इथपर्यंत आहेत. मग मधे नुसती माती. आणि पलीकडे दाराशी या नव्या.

सासू: मी लावल्या.

जावई: तुम्ही? तुमचे गुडघे गेल्यापासून तुम्ही खाली बसत नाही.

सासू: उभ्याने लावल्या.

जावई: बरं. यांचा उतार दाराकडे गेलाय.

सासू: जाऊ दे की. कुठेतरी जाणारच.

जावई: कुठेतरी नाही, आई, कुंपणाच्या भिंतीलगतच्या गटाराकडे जायला हवा. नाहीतर नळावर बादलीभर पाणी सांडलं तरी ते तुमच्या ओट्याखाली येणार.

सासू: येतंच. मी उंबरठ्याला जुनी चादर गुंडाळून लावते.

जावई: रोज?

सासू: रोज नाही. कपडे धुते त्या दिवशी. धुते मात्र रोज.

जावई: फावडं द्या. फरशा उचलू, खालची वाळू सारखी करू आणि परत बसवू. संध्याकाळपर्यंत होईल.

सासू: त्या ओळी उचलायच्या नाहीत.

जावई: अहो, पण...

सासू: तुमच्या उचला हव्या तर. त्यांना द्या उलटा उतार.

जावई: मग सगळ्याच परसाचं पाणी घरात येईल.

सासू: निदान परसाचं एकमत तरी होईल.

जावई: आई, चेष्टा नाही. भिंतीला ओल धरेल. अजून वर्षभराने दाराची चौकट कुजेल. मी हे असं टाकून नाही जाऊ शकत.

सासू: मागच्या वेळी गेलात की.

जावई: मागच्या वेळी पाणी आत येत नव्हतं.

सासू: माझ्या ओळींना हात न लावता काही होण्यासारखं असेल तर सांगा. नसेल तर पट्टी घ्या आणि मित्राची गच्ची गाठा.

जावई: उंबरठा आणि पहिली ओळ यांच्यामधे वीतभर माती राहिलीय. तिथे चर खणता येईल. त्यात खडी भरायची आणि तो बाजूने गटारापर्यंत न्यायचा. पाणी दारापर्यंत येईल, पण आत यायच्या आधी खाली जाईल.

सासू: म्हणजे चूक तशीच राहील आणि फक्त वळसा मिळेल.

जावई: तसंच.

सासू: मग खणा. खडी तुमचीच उरलीय, त्या पत्र्याखाली.

जावई: इथे एक दगड आडवा आलाय. पहार आहे का?

सासू: तुमच्या मागे टेकून ठेवलीय. हळू. अरे हळू, अंगठा जाईल. तुला सवयच आहे, डावा हात मधे घालायची.

जावई: मला ‘तू’ म्हणालात.

सासू: म्हणाले असेन. जावयाला अहो-जाहो करायचं असतं म्हणून इतकी वर्षं केलं. माझ्या मुलीपेक्षा तू चार महिन्यांनी लहान. जीभ दुखायची माझी. आता सुटले.

जावई: मग मी काय म्हणायचं तुम्हाला?

सासू: आई म्हणतोस तेच म्हण. काकू म्हणालास तर पहार काढून घेईन.

जावई: बरं.

सासू: एक विचारू? तुमच्यात झालं तरी काय? तिला विचारलं तर म्हणते, काही नाही. काही नाही म्हणून कोणी घर मोडतं का?

जावई: भांडण झालं असतं तर सांगता आलं असतं. तसं काही झालंच नाही. ती हळूहळू बोलायची बंद झाली. मी म्हटलं दमत असेल. म्हणून तिच्या वाटणीची कामंही मी करायला लागलो. तर अजून गप्प झाली.

सासू: इथे आली तेव्हाही तशीच. खोलीतून बाहेर यायची ती कामावर जाण्यापुरती. ताट नेऊन द्यावं तर अर्धं परत यायचं. आणि मग एका संध्याकाळी इथून ठोकण्याचा आवाज यायला लागला. मी खिडकीतून बघितलं, तर ही बाई ऑफिसच्या कपड्यांत मातीत बसलेली, आणि तुझ्या उरलेल्या फरशा एकेक करून...

जावई: म्हणजे या ओळी तिच्या.

सासू: मी म्हटलं ना, मी लावल्या.

जावई: उभ्याने.

सासू: हो. त्या रात्री ती हात धुऊन आपणहून जेवायला बसली आणि दोनदा वाढून घेतलं. तेव्हापासून रोज एक-दोन फरशा. हातोडा तिच्या खोलीत असतो, आरशासमोर, पावडरच्या डब्याशेजारी. आता मला सांग, मी तिला जाऊन म्हणू, पोरी, तुझा उतार चुकला?

जावई: नका म्हणू. चर थोडा खोल घेतो.

सासू: घे. चांगला खोल घे.

(मागचं फाटक करकरतं. मुलगी आत येते, खांद्याला ऑफिसची बॅग.)

मुलगी: आई, बाहेर गाडी कोणाची लागलीय ते... बरं. कळलं.

जावई: लेव्हल न्यायला आलो होतो.

मुलगी: आणि नाली खणतोयस.

जावई: चर आहे.

मुलगी: आई, तू बोलावलंस याला?

सासू: सामान गंजतंय म्हणून कळवलं. खणायला मी सांगितलं नाही. तू आज लवकर कशी?

मुलगी: वीज गेली ऑफिसची. हा चर कशासाठी?

सासू: मोगऱ्यासाठी.

जावई: पाण्यासाठी.

मुलगी: एकाने तरी खरं सांगा.

सासू: मोगऱ्याच्या पाण्यासाठी.

मुलगी: उतार उलटा आहे म्हणून ना? मला माहीत आहे. ती चादर रोज दोरीवर वाळत असते, आई. रात्री कोणी पांघरत नाही आणि सकाळी ती ओली असते. मला दिसत नाही का?

सासू: मग बोलली का नाहीस?

मुलगी: तू इतकी मन लावून लपवत होतीस. मोडवेना.

जावई: हे बघ, उचलून सारख्या करणं अवघड नाही. फरशा तुझ्याच राहतील, क्रमही तोच ठेवतो. फक्त खालची वाळू मी...

मुलगी: आई, तू विचारत असतेस ना, काय झालं म्हणून? हे झालं.

सासू: काय झालं?

मुलगी: मी शिडीवर चढले की हा शिडी धरायचा नाही, मला खाली उतरवून स्वतः चढायचा. मी भिंत रंगवायला घेतली तर मी चहा पिऊन येईपर्यंत भिंत पुरी. ऑफिसच्या फोनवर मी बोलत असले की समोर उभा राहून खुणा करायचा, असं सांग, तसं सांग.

जावई: मदत करायचो गं.

मुलगी: माहीत आहे. म्हणून तर भांडताही यायचं नाही. दारू पितो, मारतो असं काही असतं तर लोकांना सांगता आलं असतं. नवरा फार मदत करतो, असं कोणाला सांगणार?

सासू: मला सांगितलं असतंस तरी मी तुलाच वेड्यात काढलं असतं.

मुलगी: म्हणूनच नाही सांगितलं.

जावई: पण मला तरी म्हणायचंस एकदा.

मुलगी: म्हणायला जायचे. तू माझं वाक्य पुरं करून द्यायचास. आणि ते वेगळंच असायचं.

जावई: म्हणजे मी तुला...

सासू: तू आता काहीही पुरं करू नकोस. पहार खाली ठेव.

जावई: ठेवली.

मुलगी: तुझ्या ओळी बघून मी या लावल्या. दोरी बांधली, वाळू चाळली, सगळं तुझ्यासारखं. आणि तरी पाणी आत. पहिल्यांदा कळलं तेव्हा फार राग आला. तुझा नाही. म्हटलं, बघा, हा म्हणतच होता जणू, की हिला जमणार नाही.

जावई: मी असं कधीच म्हटलं नाही.

मुलगी: नाही म्हटलंस. हातातून काढून घेतलंस.

सासू: मी आत जाऊ का?

मुलगी: नको, थांब. तू गेलीस तर आम्ही परत सभ्यपणे बोलायला लागू.

जावई: माझं चुकलं. कसं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण चुकलं.

मुलगी: चालेल. तेवढं पुरे. आता ऐक. चर बुजव. मी या ओळी उचलणार आहे. कुठे काय चुकलं ते सांग. हात लावायचा नाही.

जावई: नाही लावत. असं आहे, आधी दोरी भिंतीच्या खुंटीपासून घ्यायची, मग दाराच्या बाजूने बोटभर...

मुलगी: सगळं एकदम नाही. विचारीन तेवढंच.

जावई: बरं.

सासू: चर बुजवून झाला ना? मग ती बादली पालथी घाल आणि बस तिच्यावर. हात मांडीखाली घे, म्हणजे आठवण राहील.

मुलगी: पहिली फरशी निघत नाहीये.

जावई: तिला...

मुलगी: विचारलं नाही. नुसतं सांगतेय. हं, निघाली. आता विचारते. वाळू घालायची की काढायची?

जावई: दाराकडे घालायची. दाराची बाजू उंच हवी.

मुलगी: किती?

जावई: पट्टी आडवी ठेव. बुडबुडा मधोमध आला तर ती सपाट. आपल्याला सपाट नकोय. बुडबुडा किंचित दाराकडे सरकलेला हवा.

मुलगी: हेच तर. मी प्रत्येक फरशीवर बुडबुडा मधोमध आणत बसले होते. आणि वाळू दबली तशी दाराची बाजू खचली.

जावई: वाळू ठोकून घेतली नव्हतीस?

मुलगी: कशाने ठोकायची असते हे मला माहीतच नव्हतं. ते तू नेहमी मी यायच्या आत उरकायचास.

जावई: पत्र्याच्या मागे दांड्याचा ठोकळा आहे.

मुलगी: जड आहे हा.

सासू: अरे, तू उठलास का?

जावई: पाय आखडला होता.

सासू: बस.

मुलगी: आता फरशी ठेवली. बुडबुडा थोडा दाराकडे आहे. एवढा बरोबर आहे का?

जावई: इथून नीट दिसत नाही.

सासू: एवढ्या जवळून?

जावई: नाही दिसत, आई.

मुलगी: मग मीच ठरवते. थोडं अजून वर घेते. हं. आता ठीक वाटतंय.

सासू: डगमगत तर नाही ना? बघू, मी पाय देऊन बघते.

मुलगी: थांब, आई. आधी मला तिच्यावर उभं राहू दे.