मिलोसची एक ओळ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या मुख्याध्यापिका श्रीमती कालिरोई सार्दी, सकाळपासून या कार्यक्रमासाठी राबलेले आपले नगराध्यक्ष, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, पालकहो, आजी-माजी विद्यार्थ्यांनो, आणि ज्यांना निवृत्तीनिमित्त निरोप द्यायचा म्हणून आपण जमलो पण ज्यांना तो द्यायची कुणाचीच तयारी नाही ते श्री. लाझारोस व्रेत्तोस! तुम्हां सर्वांना पोलिक्सेनी मावरूचा सादर नमस्कार.

मी गणिताची बाई. भाषण हा माझा प्रांत नव्हे. तरीही मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "पोलिक्सेनी, तूच बोल. त्यांचे तास तू जेवढे ऐकलेस, तेवढे त्यांच्या विद्यार्थ्यांनीसुद्धा ऐकले नसतील." खरं आहे ते. माझा वर्ग आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये जी भिंत आहे ना, ती नावालाच भिंत. इकडे मी त्रिकोण काढावा आणि तिकडून पर्शियाच्या आरमाराने आत शिरावं! किती मुलांनी माझ्या पेपरात सालामिसची लढाई सोडवली असेल, देव जाणे.

व्रेत्तोस सर अथेन्सहून आमच्या या मिलोस बेटावर आले ते हिवाळ्यात. वाऱ्यामुळे बोट तिकडच्या बंदरातच बांधून ठेवली होती, ती एकदाची सुटली तेव्हा कुठे हे इथे उतरले. रंग उडालेला चेहरा, हातात पुस्तकांची पेटी. धक्क्यावर आमचा मार्कोस उभा होता. मार्कोसला कोण ओळखत नाही? त्याची मासेमारीची होडी आणि त्याची जीभ, दोन्ही कधी स्वस्थ नसतात. तो म्हणाला, "मास्तर, पोटात काही शिल्लक आहे का, की सगळं समुद्राला दिलंत?" सर म्हणाले, "इतिहास तेवढा शिल्लक आहे." मार्कोस म्हणाला, "मग चला, आधी सूप प्या. इतिहास उपाशीपोटी शिकवू नये."

या मार्कोसची मुलगी आर्गिरो त्या वर्षी माध्यमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेत, म्हणजे आमच्याकडे प्राचीन इतिहास जिथून नीट सुरू होतो त्या वर्गात होती. बापाची जीभ लेकीकडे आली होती, पण लेकीच्या जिभेला धार जास्त.

सर शिकवत होते अथेन्सचा सुवर्णकाळ. काय रंगून शिकवायचे! नागरिकांची सभा, नाटकं, टेकडीवरची संगमरवरी देवळं. स्वतःच्या गावाबद्दल बोलताना माणसाचा आवाज जरा वेगळा लागतोच, नाही का? पुढे युद्धाचा धडा आला आणि त्यात एक ओळ आली. त्या वर्षी अथेन्सने मिलोस घेतलं. बस्स. पुढची ओळ दुसऱ्याच मोहिमेची.

आर्गिरो उभी राहिली. भिंतीपलीकडे मी खडू खाली ठेवला.

"सर, 'घेतलं' म्हणजे काय?"

"म्हणजे वेढा घालून जिंकलं."

"मग इथल्या माणसांचं काय झालं?"

सर मग खोटं न बोलता म्हणाले, "पुरुषांना मारलं. बायकामुलांना गुलाम म्हणून विकलं."

"कुणी? त्या देवळं बांधणाऱ्यांनी?"

"त्यांनीच."

"मग हे कालच्या धड्यात का नव्हतं?"

सभ्य स्त्रीपुरुषहो, माझ्याही वर्गाने गणितं सोडून भिंतीला कान लावले. सरांनी काय उत्तर द्यावं? ते म्हणाले, "असायला हवं होतं."

पुढच्याच परीक्षेत प्रश्न आला, अथेन्सच्या सुवर्णकाळाचं वर्णन करा. आर्गिरोने एकच वाक्य लिहिलं, "आमच्यासाठी तो सुवर्णकाळ नव्हता." आणि पेपर देऊन बाहेर पडली. शिक्षकांच्या खोलीत आम्हां सगळ्यांना केवढं कौतुक! मी म्हटलं, सर आता हिला पैकीच्या पैकी देणार. सरांनी शून्य दिलं.

मार्कोस तरातरा शाळेत आला. "मास्तर, माझ्या पोरीने खोटं लिहिलं का?"

"नाही. खरं लिहिलं."

"मग शून्य कशाचं?"

"रागाचं. रागाला मी गुण देत नाही, मार्कोस. तिने तो सिद्ध करून दाखवावा."

सिद्ध करावा! हा माझा शब्द, माझ्या विषयातला, आणि तो पळवल्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

आर्गिरो मग रोज शाळा सुटल्यावर थांबू लागली. सर तिला मोठ्यांची पुस्तकं वाचून दाखवायचे, ती भांडायची. एकदा ती पाय आपटत माझ्याकडे आली. "बाई, सरांना सांगा ना. आम्ही त्या बोलण्यांचं नाटुकलं करतोय, वेढ्याच्या आधी अथेन्सचे दूत आले होते ना, त्यांचं. आणि सरांनी मला अथेन्सचा दूत केलंय! मला!" मी गेले सांगायला. सर म्हणाले, "स्वतःच्या बाजूने ती झोपेतही बोलेल. दुसऱ्याच्या बाजूने बोलून पाहू दे तिला."

त्याच वसंतात अथेन्सच्या एका वस्तीतले पाहुणे स्नेहभेटीला येणार होते आणि शाळेने कार्यक्रम करायचा होता. सरांनी हेच नाटुकलं ठरवलं. कार्यक्रमाच्या आधी खात्यातले एक साहेब तपासणीला आले. नाव मी घेत नाही, ते आता निवृत्त आहेत आणि सुखी आहेत. ते म्हणाले, "व्रेत्तोस, पाहुण्यांना घरी बोलावून खुनी म्हणायचं? हा भाग काढा, एखादा नाच बसवा."

"भाग राहील, साहेब."

"तुमचा बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर आहे, हे लक्षात आहे ना?"

मंडळी, सरांची पत्नी दाफ्नी आणि त्यांची लहान मुलगी तेव्हा अथेन्सला होत्या. मुलगी फोनवर बाबांना ओळखेनाशी झाली होती. हे आम्हांला ठाऊक होतं आणि साहेबांनाही ठाऊक होतं. सर उठले, खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "मुलांनी हे खरं म्हणून वाचलंय. आता मीच त्यांना लपवा कसं सांगू?"

बदली झाली नाही. साहेबांनी शब्द पाळला.

कार्यक्रम त्रिपिती गावाखालच्या जुन्या दगडी प्रेक्षागृहात झाला. पायऱ्यांवर एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला आपण, खाली उपसागर चमकत होता. याकुमी, जो आज आपल्या बंदराचा अधिकारी आहे आणि आत्ता मान खाली घालून बसलाय, तो मिलोसचा वृद्ध झाला होता. दाढी कापसाची होती, वाऱ्याने निम्मी उडाली.

तो म्हणाला, "आम्ही कुणाचं काही बिघडवलं नाही. आम्हांला बाजूला राहू द्या."

आर्गिरो पुढे आली. अंगावर तांबडी शाल. आवाज न चढवता म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाजूला राहिलात की उद्या दुसरं बेट राहील. तुमचा राग नाही आम्हांला. तुमचा उपयोग आहे. दार उघडा."

काय सांगू तुम्हांला! इतक्या गोड आवाजात ते ऐकून अंगावर काटा आला. आणि बोलता बोलता तिलाच ते जाणवलं. तिने शाल काढून हातात घेतली आणि नाटकात नसलेलंच बोलू लागली.

"हे बोलणं मला सोपं गेलं. सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. मला अथेन्सचा फार राग होता. पण सरांनी दाखवलं, की आमच्या माणसांचं काय झालं हे अथेन्सच्याच एका इतिहासकाराने त्याच काळात लिहून ठेवलंय. त्याला लिहिताना काय वाटलं, मला माहीत नाही. त्याने लपवलं नाही, एवढं माहीत आहे. तेव्हा सुवर्णकाळ मी आता लिहीन, सर. पण त्याच्या खाली हेही लिहीन. दोन्ही लिहीन."

पाहुण्यांतल्या एक वयस्क बाई उभ्या राहिल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "आम्ही आता काय बोलावं? माफी मागावी का?"

वरच्या पायरीवरून मार्कोस ओरडला, "अहो बाई, चोवीसशे वर्षं झाली! तेव्हा तुम्ही नव्हतात नि आम्हीही नव्हतो. चला जेवायला, लादेनिया गार होतेय!"

काय हसू फुटलं म्हणता! पाहुणे आणि आपण एकमेकांचे हात धरून पायऱ्या चढलो. टोमॅटो-कांद्याच्या त्या लादेनियाचा एक तुकडासुद्धा उरला नाही. एका कोपऱ्यात मार्कोस लेकीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

पुढच्या शरदात दाफ्नीताई मुलीला घेऊन इकडेच राहायला आल्या. ताई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, तुमच्या या येण्याबद्दल या गावाने तुमचे आभार कधीच नीट मानले नाहीत. आज मानते. सरांची बदली नंतर मंजूर झाली, तीही एकदा नव्हे. दर वेळी ते म्हणायचे, "या वर्षीचा वर्ग तेवढा पुरा करतो." आर्गिरो आज अथेन्समध्ये इतिहास शिकवते. वर्गात तिच्याशी भांडणारी मुलं तिला मनापासून आवडतात म्हणे. ती कालच्या बोटीने आली आहे. आर्गिरो, उभी राहा गं, लाजू नकोस. तुला लाजणं शोभत नाही.

आणि आता परवाचं सांगते. परवा सरांचा शेवटचा तास होता. मी माझ्या मुलांना गणितं घातली आणि कान पलीकडे दिला. धडा तोच होता. सर शिकवत होते, अथेन्सची जहाजं, दूत, वेढा. जन्माने अथेन्सचा हा माणूस सहज बोलून गेला, "आणि मग मुलांनो, त्या हिवाळ्यात अथेन्सच्या लोकांनी आपली भिंत फोडली." आपली. वर्गातल्या एकाही मुलाला त्यात काही खटकलं नाही. सरांनाही नाही. मला मात्र फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभं राहावं लागलं.

बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हां सर्वांचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, तर गणिताच्या बाईचा हिशेब चुकला असं समजून पोटात घाला. व्रेत्तोस सर, तुम्हांला उदंड आयुष्य लाभो. नमस्कार.