देवीची खाच

"हॅलो?… हो बाबा, मीच. आत्ताच बाहेर आले."

ती संग्रहालयाच्या जिन्यात बसली. हातातला रबरी मोजा तिने दातांनी ओढून काढला.

"पाहिली ना. हो, हो… डोळे आजी सांगायची तसेच. नाही, फक्त तळाला हात लावू दिला… बाबा, ऐका ना."

बाबा ऐकत नव्हते. परक्यांच्या फौजेने देवी उपटून जहाजावर चढवली, तिथपासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. देऊळ आपल्या घराण्याने राखलं, पाच पिढ्या रिकाम्या बैठकीची पूजा केली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"माहीत आहे. चोरी त्यांची आणि पुरावा आपण द्यायचा. हेच बोलले मी संग्रहालयवाल्यांना, तोंडावर… पण ते माप मागतात. मूर्तीखालचा खुंट एकशे वीस मिलिमीटर. तो जिथे बसायचा ती आपल्या बैठकीतली खाच एकशे सव्वीस… तीनदा मोजलं, बाबा. देवी तीच आहे. खाच झिजलीय. आपणच झिजवलीय. रोज सकाळी वाळूने घासून. तुम्ही, आजोबा, त्यांचे वडील…"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा? ऐका, एक गोष्ट अजून आहे. खुंटाचा मागचा कोपरा तुटका आहे. घडवतानाच टवका उडालेला. आणि आपल्या खाचेत मागे दगडाचा उंचवटा आहे ना? लहानपणी माझं बोट खरचटायचं… हो, तोच. कारागिराने त्या टवक्यासाठीच तो सोडलाय. मोठ्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही, म्हणून तो शाबूत राहिला. सोमवारी ठसा घ्यायला माणसं येतायत. जुळला की देवी आपली. ते स्वतः तसं म्हणाले."

इतका वेळ प्रयोगवहीत नोंद करावी तसं ती बोलत होती. आता आवाज जरा मोकळा झाला.

"तोवर खाचेला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा… का? काय झालं?"

ती उभी राहिली.

"कधी?… देवी येणार म्हणून?… उंचवटा छिन्नीने काढलात. हं. डुगडुगेल असं वाटलं तुम्हाला… पूर्ण सपाट?"

जिन्यावरून कुणीतरी खाली उतरलं. ती भिंतीकडे सरकली.

"नाही, फोटो नाही. मी गेल्या वेळी नुसती लांबी-रुंदी घेतली. चूक माझीही आहे… निघालेले तुकडे कुठे आहेत? बाबा, ते तुकडे… पाण्यात सोडलेत. हो. देवीचा दगड, केरात कसा टाकणार. बरोबर आहे."

बाबांनी काहीतरी विचारलं. मग तेच पुन्हा, हळू आवाजात विचारलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "आता अजिबात डुगडुगणार नाही… ठेवते."