सरांनी साफ केलेली हिस्ट्री

वहिनी, संचालक साहेब, औंढ्यातली सगळी मंडळी. सरांचा फोटो समोर आहे, हार ताजा आहे. अशा वेळी बोलणं अवघड जातं. मला तर दुसऱ्याच कारणानं जड जाऊन राहिलं.

आपल्या संगणक केंद्रात मी सरांच्या शेजारच्या टेबलावर बसायचो. आत्ता एकानं इथं सांगितलं, आपल्या केंद्रात कामाला असलेल्या रेखाला सरांनी मोठ्या मनानं माफ केलं. कशाची माफी हो?

संगणकाला हुकूम द्यायची एक कमांड सरांना धड पाठ नव्हती. काळ्या स्क्रीनवर कंट्रोल-आर दाबायचं, दोन अक्षरं टाकायची, की आधी कधीतरी वापरलेली कमांड वर येते. आली की एंटर. वाचायचं न्हाई. मी म्हणायचो, "सर, वाचा तरी." ते म्हणायचे, "काहून? माझीच हाय ना ती."

निकाल लागला की जुन्या पोरांच्या फायली एका झटक्यात उडवायची आपली रीत. त्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर सरांना एक फालतू फाईल काढायची होती. कंट्रोल-आर दाबलं, तर वर आली मागच्या निकालानंतरची ती कमांड. सरांनी एंटर मारलं. सगळ्या पोरांचे प्रकल्प गेले. बॅकअप? तो सर घेणार होते.

मी त्यांच्याच मशीनवर ती कमांड शोधून त्यांना दाखवली. तेवढी एक सरांनी नीट वाचली. मग हिस्ट्री, म्हंजे आधी टाकलेल्या कमांडची यादी, साफ केली आणि बाहेर जाऊन सांगितलं, "रेखानं उडवलं."

साखरा गावची ही पोरगी त्याच दिवशी कामावरून गेली. साहेब, मी तेव्हाच तुमाला खरं सांगितलं होतं. तुमी म्हणालात, "जाऊ द्या, सर जुने आहेत." आज तिला कुणी कीबोर्डला हात लावू देत न्हाई.

वहिनी, तुमची तकलीफ मला दिसते. तरी बोलतो. मला सरांचा राग येतो, फोटोकडं बघूनसुद्धा येतो. कबूल करायला ते आता येणार न्हाईत. ज्याला खरं ठाऊक होतं आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे, असा एकच माणूस उरला.

रेखा मागं दाराजवळ उभी आहे. सरांसाठी फुलं घेऊन आली. कुणी सरकून जागासुद्धा दिली न्हाई.

आता सरांसाठी दोन मिनिटं सगळ्यांनी उभं राहावं. गप्प राहावं. साहेब, तुमी सोडून. तुमी रेखाकडं बघा आणि काय झालं ते बोला. आमी ऐकून राहिलो.