तोंडाचा वास

सकाळी दिराने तिचं तोंड हुंगलं, तेव्हापासून रुतिलिया धुमसत होती. पाणवठ्याच्या रांगेत तिच्या पुढे दोघी बोलत होत्या.

"माठातली दारू कमी झाली की पहिला संशय सुनेवर! म्हणून चुलतसासरे रोज येऊन माझा मुका घेतात, वास येतो का बघायला."

"रोमची रीतच आहे ती. वास आला तर माहेरी धाडतील हो!"

"धाडतात कसले! काल मीच त्यांचं तोंड हुंगलं. असा भपकारा आला! मी ओरडले, 'सासूबाई, चोर सापडला!'"

"अगं बया! रीत मोडलीस की!"

"मोडली कुठे? घरच्यांनी घरच्यांचं तोंड हुंगायचं. मी काय परकी आहे?"

रुतिलियाने रिकामी घागर कमरेवर घेतली आणि रांग सोडली. दीर अजून घरीच असेल.