तेरा जणांची चौदा मतं

— नाही, तू आधी ऐकून तर घे, इफ्फत! चार महिन्यांनी तोंड दाखवलं, तेही आमच्या दुकानात, मंग काय मले समजत नाही तू कायले आली ते? बस. त्या स्टुलावर बस. बाबा जेवाले घरी गेले, तासभर येत नाहीत, म्हणजे मनात आहे ते बोलून टाक— बरं, नको बोलू. मीच बोलतो. पुरं कॉलेज म्हणून राहिलं का पियुषनं तुमच्या अंकुर मंडळाचा ठराव पाडला, परिषदेचा सचिव झाला अन् डोक्यात हवा गेली. अमरावतीच्या पॅसेंजरमंदी तूही मले पाहून डबा बदलते, दिसते ना मले. पण ठराव मी पाडला का? ठराव परिषदेनं पाडला. मी फक्त हात मोजले.

आठव जरा. फेब्रुवारी महिना, भूगोलाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी परिषदेची बैठक, देवीदास सर अध्यक्षाच्या खुर्चीत डुलक्या घेऊन राहिले. मेंबर तेरा, माह्यासकट— सगळे आपापल्या वर्गात पहिले आलेले, म्हणजे हुशारच म्हणायचे. तुले मंडळाकडून बोलाले बोलावलं. काय बोलली तू, बावा! रोज पेपरात पहिल्या पानावर आपल्या जिल्ह्यातल्या शेतकरी आत्महत्यांचा आकडा येते अन् आपण गॅदरिंगचा ऑर्केस्ट्रा ठरवून राहिलो, असं म्हणाली. मंग ते तुमचं चाचणीचं— धामणगाव-चांदूरच्या एकूण एक कृषी केंद्रातून सोयाबीनचं बियाणं आणायचं, शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सहा-सात दिवसांनी किती उगवले ते मोजायचं, अन् बाजाराच्या दिवशी फळ्यावर दुकानाच्या नावासकट लिहून ठेवायचं. पेरणीच्या आधी लोकायले कळलं पायजे. त्याच्यासाठी परिषदेच्या निधीतून सात हजार. मी तर मनातल्या मनात टाळी देली. खोटं नाही सांगत. मनात आलं, दुकानाचं नाव नसतं लिहिलं तर काय बिघडत होतं?

तर आचल उठली. तुमची मैत्रीणच ते. म्हणे, सचिवाच्या वडिलांचं कृषी केंद्र आहे, त्यानं मत देऊ नये. आता सांग, मी तिथं सचिव म्हणून बसलो होतो का दुकानदाराचा पोरगा म्हणून? दुकान धामणगावले, परिषद अमरावतीले— मधात पन्नासक किलोमीटर! मी शांतपणे सांगितलं का सचिवाचा निर्णय सचिव देते, अन् सचिवाचा निर्णय असा आहे का सचिवाले मत देता येते. सरांनी मान हलवली. झोपेत हलली असन, पण हलली ना?

मंग मतदान. बाजूनं हात— सात. मी स्वतः मोजले, एकही खाल्ला नाही. विरोधात हात वर करा म्हटलं, अन् नेमका त्याच टायमाले भगवंतराव शिपाई किटली घेऊन आत आला. चहा कोणाले पायजे म्हणून इचारलं त्यानं. धर्मपालनं हात वर केला. आता धर्मपालनं पहिले तुमच्या बाजूनं हात केलता, मले माहीत आहे. पण विरोधाची मोजणी सुरू होती ना! मी सहा मोजले. माहा सातवा. झाली तेरा जणांची चौदा मतं. असं तर चालत नाही. म्हणून मी नियम लावला का एकाच माणसाचे दोन हात आले तर शेवटचा हात खरा. पहिला रद्द. सहा विरुद्ध सात. — कोणत्या पुस्तकातला नियम? असते असा काही तरी. धर्मपालनं चहा घेतला, बिस्कुट घेतलं, एक शब्द नाही बोलला. त्याले नाही वाटलं अन् तुमालेच काहून वाटून राहिलं? इतिवृत्तात मी सुंदर लिहिलं आहे, "सांगोपांग चर्चेअंती". वाचून पाह्य कधी.

अन् मी काही तुमच्या विरोधात नाही वं. मी तर एप्रिलमंदी घरी स्वतः करून पाह्यली ती चाचणी, न्हाणीघराच्या मागं, आपल्याच दुकानातले शंभर दाणे घेऊन. सहज. तुमचं खोटं ठरवाले म्हण. रोज सकाळी उठून पानी शिंपडलं. — किती आले? ते सोड.

काय? चार पिशव्या? चाचणीले चार कायले पायजेत? शंभर दाणे पुरतात, तसेच ने मूठभर, मी बाबाले नाही सांगत— घरी? पेराले?

गफ्फार चाचाच्या, तुह्या अब्बाच्या वावरात.

हो, नेतात ना, दहा-बारा वर्षापासून इथूनच नेतात. ईदले तुमच्या घरून शीरखुर्म्याचा डबा येते तो मीच संपवतो. पण यंदा स्वतः काहून नाही आले चाचा? — पियुष दुकानात असते, डोळे मिटून घेऊन ये म्हणाले? असं म्हणाले? असंच?

माल नाही, इफ्फत. संपला. — ते थप्पी? ते बुकिंगची आहे. तू असं कर, चांदूरले पाह्य, स्टेशनपासी एक दुकान आहे, नाही तर मागच्या सालचं घरचंच बी असन तुमच्या कोठीत, तेच पेरा. पण हे नको नेऊ. काहून म्हणजे? नको म्हटलं ना! अशी नको पाहू माह्याकडं. एकतीस! झालं समाधान? शंभरात एकतीस. बाबाले नेऊन दाखवलं मी. त्यायनं गोणपाट उचललं अन् गाईपुढं झटकलं, म्हणे सचिव तू कॉलेजात आहेस, इथं नाही. कंपनी माल परत घेत नाही, मागचं शेड छतापर्यंत भरलेलं आहे. मी काय करू, तूच सांग? चाचाले काय तोंड दाखवू मी? चाचाच्या वावरात मी नाही जाऊ देणार हे. बस, इतकंच माह्या हातात आहे—

या, या शेषराव काका! या ना आत. — हो, आहे ना माल, काहून नसन? किती देऊ, चार का पाच? … ते? ते आमच्या कॉलेजातली आहे, काका. तिले काही घ्याचं नाही. इफ्फत, जाय तू आता. जाय ना वं.